खालच्या अंगाची शाळा

उन्हाळा लागला आणि अध्यक्ष स्वतः बंधाऱ्यावर आले. गाडीतून उतरले नाहीत. काच अर्धी खाली केली आणि हाक मारली, "पाटकरी!"

पाटकरी दाराच्या चाकाला ग्रीस लावत होता. हातातली चिंधी तिथेच टाकून तो धावत गेला आणि धावता धावता हात पँटलाच पुसले.

"किती दारं उघडी आहेत?"

"एकच आहे. तेही अर्धं. खालच्यांची पाळी चालू आहे."

"बंद कर."

"पाळी संपायचीय अजून..."

"पाळीचं मी विचारलं का तुला?" अध्यक्षांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "वरून सांगावा येईपर्यंत दार हलवायचं नाही. खालून कोणी विचारायला आलं तर सांगायचं, वर पाणीच नाही."

पाटकऱ्याची मान आपोआप मागे वळली. मागे पाणी काठाला टेकलं होतं. दोन्ही काठांनी बागाईतदारांच्या मोटारी बसल्या होत्या, आणि त्यांचे जाडजूड पाईप पाण्यात तोंड खुपसून पडले होते.

"तिकडे काय बघतोस? बायको आमच्या रोपवाटिकेतच आहे ना कामाला?"

"हो."

"ठीक चाललंय ना तिचं?"

"हो."

काच वर गेली. गाडी वळताना उडालेली धूळ खाली बसेपर्यंत पाटकरी तिथेच उभा राहिला. मग जाऊन त्याने चाक फिरवलं. दार बसताना नेहमी शेवटी एक हिसका बसायचा, तो खांद्यात बसला. पलीकडचा पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला. रात्रंदिवस कानात असलेला आवाज थांबल्यावर त्याला आपण काहीतरी कुठेतरी विसरून आलोय असं वाटलं. दुपारपर्यंत तेही वाटेनासं झालं.

अध्यक्ष पाणीसंस्थेचे होते, शाळा समितीचे होते, गावात जिथे म्हणून खुर्ची होती तिथले होते. त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची कोणाला गरज पडत नसे. पाटकऱ्याला ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती, आणि नोकरीसोबत बंधाऱ्याच्या कुशीतली दोन खोल्यांची चौकी राहायला मिळाली होती. भिंती ओल धरून असायच्या, पण डोक्यावर छप्पर होतं. तो, बायको आणि मुलगी. मुलगी अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. शाळेतल्या बाईंच्या तोंडीसुद्धा तेच बसलं होतं.

या बाई नव्या होत्या. आल्या तेव्हापासून काही ना काही काढायच्या. त्यांनीच खालच्या अंगाच्या एका शाळेशी सूत जुळवलं होतं. नदी एकच, ही शाळा वर, ती शाळा पार खाली, बसने गेलं तर अर्धा दिवस मोडेल इतकी लांब. दर आठवड्याला वर्गातल्या भिंतीवर पांढरा पडदा सोडायचा, बाईंच्या लॅपटॉपवरून तिकडचा वर्ग त्या पडद्यावर यायचा, आणि दोन्हीकडची मुलं एकमेकांना आपापली नदी दाखवायची. या काठची झाडं, त्या काठची झाडं. इथले मासे, तिथले मासे. इकडच्यांनी गोष्टीची सुरुवात लिहायची, तिकडच्यांनी पुढे न्यायची. दोन्ही वर्ग मिळून नदीचं एक लांबलचक चित्रही काढत होते. कागदाचा वरचा तुकडा इथे, खालचा तिथे, आणि शेवटी दोन्ही जोडायचे.

थंडीत बाई मुलांना घेऊन बंधाऱ्यावर आल्या होत्या. फोन धरून म्हणाल्या, "काका, जरा चाक फिरवून दाखवा ना. तिकडची मुलं बघतायत."

पाटकऱ्याला घाम फुटला. शर्ट काखेत उसवलेला होता, त्यामुळे तो कोपर अंगाला चिकटवून चाक फिरवायला लागला, आणि तसं चाक फिरतं थोडंच? शेवटी हात वर गेलाच. दार उचललं, पाणी धो-धो पलीकडे पडलं, आणि फोनमधून टाळ्यांचा कडकडाट आला. एक मुलगी ओरडली, "काका, आमच्याकडे कधी पोचेल?"

"परवापर्यंत पोचेल," तो फोनकडे न बघता म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बारकी शाळेतून उड्या मारत आली. "बाबा, पोचलं! लांबडीने फोन करून सांगितलं बाईंना."

ती ओरडणारी मुलगी म्हणजे ही लांबडी. वेणी कमरेच्या खाली जायची, म्हणून इकडच्या वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. तिची आणि बारकीची चांगलीच गट्टी जमली होती. प्रत्यक्षात दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं.

दार बंद झालं आणि पुढच्या काही आठवड्यांत पडद्यावरची खालची नदी बदलत गेली. आधी पात्राच्या मधोमध दगड उघडे पडले. मग डबकी उरली. मग डबक्यांच्या जागी चिखल, आणि चिखलाला भेगा. लांबडी भेगेत हात घालून दाखवायची, कोपरापर्यंत जायचा. तिकडचे गुरुजी सांगायचे, "यंदा वरच पाणी नाही म्हणतात. तुमच्याकडे कसं आहे?" बाई पडद्यासमोर गडबडायच्या. म्हणायच्या, "आज आपण पक्ष्यांबद्दल बोलू या का?"

बारकीने एकदा जेवताना विचारलं, "बाबा, आपल्याकडे तर काठोकाठ आहे. मग बाई पक्षी का दाखवतात?"

"जेव," पाटकरी म्हणाला.

"लांबडीची म्हैस विकली त्यांनी. पाणी नाही म्हणून."

"जेव म्हटलं ना."

बायकोने ताटावरून मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. दिवसभर पिशव्यांमध्ये माती भरून तिच्या बोटांची टोकं सोलली होती. ती चमच्यानेच जेवत होती.

खालून माणसं दोन-तीनदा विचारायला आली. सायकलवरून, पायी. पाटकरी चौकीच्या पायरीवरच त्यांना गाठायचा, म्हणजे पुढे चढून यायला नको. "वरच पाणी नाही," म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. नंतर दाराच्या चाकासारखी ती सरावली. माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची, "बरं" म्हणायची आणि माघारी जायची.

मग एक दिवस शाळेला सुटी होती आणि बाईंनी मुलांना घरून फोनवर बोलायला सांगितलं होतं. प्रत्येकाने आपलं घर दाखवायचं. बारकीने आईचा फोन घेतला. चूल दाखवली, कोपऱ्यातली ट्रंक दाखवली, ओल धरलेल्या भिंतीवर उमटलेला उंटाच्या आकाराचा डाग दाखवला. तिकडची मुलं हसली. मग फोनमध्ये घरातलं अंधारं दिसायला लागलं म्हणून ती दारात आली आणि पायरीवर बसली, फोन स्वतःच्या तोंडासमोर धरून.

पाटकरी थोड्या अंतरावर काठावर उकिडवा बसून हातांचं ग्रीस घासत होता, वाळू आणि साबण लावून. फोनचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता.

"तुझ्या मागे काय चमकतंय गं?" लांबडीने विचारलं.

"कुठे?"

"तुझ्या मागे. डोळ्यांवर येतंय ते."

बारकीने मागे वळून बघितलं आणि फोनही वळवला.

फोनमधला गलका थांबला. इतकी मुलं एकदम गप्प झालेली पाटकऱ्याने कधी ऐकली नव्हती. मग लांबडीचाच आवाज आला, अगदी हळू. "एवढं?"

पाटकरी उठला. हाताला फेस होता. चार ढांगांत तो बारकीपाशी पोचला असता, फोन काढून घेता आला असता. तो उभा राहिला.

"बाळ," फोनमधून गुरुजी म्हणाले, "फोन जरा फिरव. हळूहळू फिरव. सगळं दिसू दे."

बारकीने बापाकडे बघितलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग तिने फोन फिरवला, सावकाश, शाळेत शिकवलं होतं तसा. आधी पाणी, मग मोटारी, मग बंद दारं, मग फेसाच्या हातांनी उभा असलेला बाप. त्याच्यावर फोन क्षणभर थांबला आणि पुढे गेला. फेस वाळून हाताला ताणल्यासारखं झालं तेव्हा कुठे तो पुन्हा खाली बसला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची माणसं आली. एक ट्रॅक्टर, दोन टेम्पो. आरडाओरडा कोणी केला नाही. उतरली आणि बंधाऱ्यावर चढून पाण्याकडे बघत उभी राहिली. बायका होत्या, म्हातारे होते. एक म्हातारा पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला, त्यात हात बुडवला आणि तो ओला हात तसाच धरून वर आला. पाटकऱ्याच्या बायकोने कळशी आणि पेला बाहेर आणून ठेवला. त्याला कोणी हात लावला नाही. ट्रॅक्टर चालवणारा तेवढं म्हणाला, "वहिनी, हे आमचंच आहे. पेल्याने कशाला देता?"

दुपारी अध्यक्ष आले. सोबत पाण्याच्या खात्याचे साहेब. खुर्च्या आल्या. पाटकऱ्याला मध्ये उभं केलं.

"मी यांना बंद करायला सांगितलेलंच नाही," साहेब म्हणाले. ते खरंच होतं. सांगितलं अध्यक्षांनी होतं.

अध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले. "अरे पाटकरी, खालची माणसं तहानेने तडफडतायत, आणि तू दार बंद करून बसलास? कोणाला विचारून?"

पाटकरी त्यांच्या बुटांकडे बघत होता. बुटाच्या शिवणीत लाल माती अडकली होती, रोपवाटिकेतली.

"बोल की. का चाक अडकलं होतं? तसं असेल तर तसं सांग. माणूस आहे, यंत्र आहे, होतं कधी कधी."

"चाक अडकलं होतं," पाटकरी म्हणाला.

बायको चौकीच्या दारातून ताडकन बाहेर आली. "अडकलं होतं? तुम्ही स्वतः गाडीतून येऊन..."

"आत जा," पाटकरी म्हणाला.

"का जाऊ? माझ्या रोपवाटिकेतल्या कामाचं नाव काढलं त्यांनी. तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"आत जा गं."

ती गेली नाही. ओठ आवळून चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या मागे बारकी होती.

तेवढ्यात गर्दीतून एक चष्मेवाला माणूस पुढे आला. पडद्यावर तो जाड दिसायचा. प्रत्यक्षात हाडकुळा होता. खालच्या शाळेचे गुरुजी. त्यांनी आधी दारातल्या बारकीकडे बघून मान हलवली, ओळखीची. मग पाटकऱ्यासमोर येऊन म्हणाले, "काका, माझ्या वर्गाने हे चाक फिरताना बघितलंय. तुम्ही एका हाताने फिरवत होता."

गर्दीत कोणीतरी हसलं. चेष्टेचं नव्हतं ते हसू, पण पाटकऱ्याचे कान तापले. एवढंच काय ते त्याला त्या दिवशी जाणवलं, की कान तापलेत.

"जमतं का बघ आता," अध्यक्ष म्हणाले.

तो चाकाकडे गेला. सगळे बघत होते. चाक अडकल्यासारखं करावं, जोर लावल्यासारखं दाखवावं असं त्याच्या डोक्यात आलं, पण हातांना ते करता येईना. ग्रीस लावलेलं चाक लोण्यासारखं फिरलं. दार वर आलं, पाणी पलीकडे कोसळलं. खालची माणसं कठड्याला लागून वाकून बघायला लागली. एका बाईने तोंडाला पदर लावला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आठवडाभराने साहेबांचा माणूस चौकी रिकामी करायला सांगून गेला. नव्या पाटकऱ्याला राहायला हवी होती. बायकोला रोपवाटिकेच्या फाटकातूनच परत पाठवलं. मुकादम म्हणाला, "ताई, मला काही विचारू नका." शाळेत पडदा गुंडाळला गेला. बाई निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. बारकीच्या डोक्यावर हात ठेवून त्या निघाल्या. महिन्याभरात त्यांची बदली झाली असं नंतर कळलं. नव्या पाटकऱ्याने दार पुन्हा बंद केलं, हेही कळलं.

ते तिघं बाजाराच्या गावी आले. लाकडाच्या वखारीमागे एक पत्र्याची खोली मिळाली. पाटकरी वखारीत ओंडके वाहायला लागला. बायको चार घरची भांडी घासू लागली. वखारीत करवत सकाळपासून किंचाळायची, भुसा उडायचा, जेवणात यायचा, पापण्यांवर बसायचा. ओंडक्याने खांदा सोलला की तो दुसरा खांदा पुढे करायचा. दोन्ही सोलले तेव्हा पोतं घडी करून ठेवलं. रात्री बायको तेल चोळायची. "दुखतंय का?" विचारायची.

"नाही."

खोटं नव्हतं ते. खरंच दुखत नव्हतं. तो स्वतःच्या खांद्याला बोटाने दाबून बघायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

बारकी नव्या शाळेत जायची आणि यायची. विचारलं तेवढं बोलायची. आईचा फोन कोनाड्यात पडलेला असायचा. ती त्याला शिवत नव्हती. एकदा भांड्यांच्या घरून आणलेली पुस्तकं आईने तिच्यापुढे ठेवली, तर तिने नीट रचून कडेला ठेवून दिली. पाटकऱ्याला कळत होतं की तिला काहीतरी सांगायला हवं. तुझं काही चुकलं नाही, एवढंच. वखारीतून परत येताना तो वाक्य जुळवायचा. खोलीत शिरला की करवतीचा आवाज कानात तसाच घुमत असायचा, आणि वाक्य सापडत नसे.

एका सुटीच्या सकाळी तो उठला आणि म्हणाला, "बारके, चप्पल घाल."

"कुठे?"

"खाली."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. तो इतकी वर्षं पाणी सोडत आला होता, पण ते कुठे जातं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. रस्ता नदीच्या कडेने जात होता. आधी पात्रात हिरवं गवत, मग पिवळं, मग नुसती वाळू. बारकी एकदाच बोलली. "तो पूल. लांबडीने दाखवला होता."

शाळेला कुलूप होतं, पण अंगणात पोरं खेळत होती. बारकी फाटकात उभी राहिली. एका मुलीने खेळता खेळता वळून बघितलं, वेणी कमरेच्या खाली. ती पळत आली आणि दोन पावलांवर थबकली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू इतकी बुटकी आहेस?" लांबडी म्हणाली.

"तू पडद्यावर मोठी दिसतेस," बारकी म्हणाली.

मग लांबडीने तिचा हात धरला आणि व्हरांड्यात ओढत नेलं. भिंतीवर ते लांब चित्र लावलं होतं. फक्त खालचा तुकडा. पेन्सिलीने काढलेली नदी, रंग न भरलेली. वरचा तुकडा आलाच नव्हता. बारकी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्याभोवती पोरांचा घोळका जमला. पाटकरी फाटकातूनच मागे फिरला आणि नदीकडे उतरला.

पात्रात ठिकठिकाणी बायका पाणी झिरपावं म्हणून वाळू उकरून झिरे करत होत्या. एक प्रौढ बाई एकटीच कंबरभर खड्ड्यात उभी राहून फावड्याने वाळू वर फेकत होती. कमरेवर हात ठेवून थांबायची, पुन्हा फेकायची. पाटकरी थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, मी खणू का?"

तिने वर बघितलं. "कोणाकडे आलायस?"

"मुलगी आलीय शाळेत. मैत्रिणीकडे."

"खण बाबा. कंबर गेली माझी."

तो खड्ड्यात उतरला. वरची वाळू गरम होती, खालची गार लागायला लागली. बाई काठावर बसून पदराने वारा घेत बोलत राहिली. "वर बंधारा आहे ना, तिथे एक मेला पाटकरी होता. चाक अडकलं म्हणाला. अडकलं! पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं चाक. त्याचे हात का नाही झडले म्हणते मी."

पाटकरी खणत राहिला. वाळू दमट झाली होती, फावड्याला चिकटत होती. खांद्यातून एक कळ निघाली आणि पार मनगटापर्यंत गेली. तो थांबला. कळ ओसरली नाही. त्याने फावडं पुन्हा घातलं.

वरून पोरांचा आवाज आला. घोळका पात्रात उतरत होता, पुढे लांबडी आणि बारकी. बारकी धावत होती. "बाबा!" ती ओरडली, आणि मागची पोरं ओरडली, "चाकवाले काका! चाकवाले काका आलेत!"

बाईचा पदर हलायचा थांबला. तिने पोरांकडे बघितलं, मग खड्ड्यात. पाटकरी फावडं धरून उभा होता. नजर वर करायची की नाही हे त्याला ठरवता येईना.

"तू तो?"

"हो."

"चाक अडकलं होतं का रे?"

"नाही," तो म्हणाला. "फिरत होतं."

पोरं खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबली. बारकी सगळ्यांच्या पुढे होती, धापा टाकत. बापाचं बोलणं तिने ऐकलं होतं. बाईने बाजूची रिकामी घागर ओढून आपल्याजवळ घेतली.

"थांबलास का मग?" ती म्हणाली. "खण. अजून हातभर खाली आहे."